बॅटरी मेली, की उपाशी आहे?

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. पहाटे सव्वापाचला अकोल्याहून आईचा फोन आला. "बाथरूममध्ये पाय घसरला व माय. उठताच येऊन नाही राह्यलं." शेजारच्या काकूंनी तिला कसंबसं पलंगापर्यंत आणलं होतं, पण कमरेतली कळ थांबत नव्हती. आई जठारपेठेत एकटी राहते. आमचे 'हे' कामासाठी नागपूरला गेलेले, मुलगा पुण्याला. मी म्हटलं, "तू अजिबात हलू नकोस. मी दोन तासांत पोचते."

अमरावती ते अकोला म्हणजे शंभरेक किलोमीटर. रस्ताही आता असा, की विचारू नका. २०२२ च्या जून महिन्यात याच महामार्गावर ७५ किलोमीटरचं डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झालं आणि त्याची गिनेस बुकात नोंद झाली. रस्ता तयार, मी तयार, पर्समध्ये पैसे, मागच्या सीटवर पाण्याची बाटली. किल्ली फिरवली. गाडी म्हणाली, "टक." पुन्हा फिरवली. "टक-टक-टक-टक." समोरचे दिवे देवघरातल्या विझत्या निरांजनासारखे मिणमिणले आणि गेले.

पुढची चाळीस मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही. फाटकाशी शेजारीपाजारी जमले. मदत करायलाच जमले होते, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण प्रत्येकाजवळ एकेक औषध! एक काका म्हणाले, "बॅटरीत तुरटीचं पाणी घाला, उठून बसते." समोरच्या कॉलेजातल्या मुलानं मोबाइलवर व्हिडिओ लावला. त्यात कुणीतरी बॅटरीत ॲस्पिरिनच्या गोळ्या टाकत होतं. तिसऱ्यांचं म्हणणं, जुनं ॲसिड ओतून नवं भरा. चौथ्यांनी तर निकालच दिला, "मेली ती. नवीनच घ्या. दहाला दुकान उघडेल." आणि एक प्रश्न मात्र सगळ्यांचा सारखा होता : "साहेब कधी येणार?" जणू साहेबांचं तोंड बघितलं की बॅटरी लाजून चालू होणार होती!

शेवटी सोडवणूक केली ती दूधवाल्या दादांनी. पिकअप गाडीतून कॅन उतरवता उतरवता त्यांनी विचारलं, "ताई, गाडी कितीक दिवसांची उभी हाय?" मी मनात हिशेब केला. परीक्षांचे पेपर तपासायचे होते, लग्नसराईत सगळीकडे रेल्वेनं गेलो. अठरा दिवस! "मंग मेली नाही ते. उपाशी हाय. अठरा दिवस तुमाले जेवाले नाही देल्लं, त तुमी उठसान काय?" त्यांनी सीटखालून एक लाल आणि एक काळी अशा दोन जाड वायरी काढल्या, आपल्या गाडीची बॅटरी माझ्या गाडीला जोडली आणि चार-पाच मिनिटांनी म्हणाले, "मारा आता किल्ली." गाडी एका झटक्यात चालू. "आता मधात कुठी बंद करू नोका, सरक्या अकोल्याले जा."

आईचं हाड मोडलं नव्हतं, नुसता मुका मार होता. देवाची कृपा. पण तिथल्या एका दुकानात बॅटरी दाखवली, तर त्यांनी ती वरवर पाहूनच "संपली" म्हणून सांगितलं आणि नवीचा भाव पुढे केला. मी घेणारच होते. पण दूधवाल्या दादांचं "उपाशी हाय" डोक्यात बसलं होतं. दुसऱ्या एका ठिकाणी ती रात्रभर चार्जिंगला लावून घेतली. आज वर्ष होत आलं, गाडीत तीच बॅटरी आहे.

मैत्रिणींनो, त्या दिवसापासून मला एक प्रश्न छळतो. मी सतरा वर्षं गाडी चालवते. घाटातून चालवली, पावसात चालवली, ट्रकच्या रांगेतून चालवली. पण त्या सतरा वर्षांत मी बोनेट एकदाही उघडलं नव्हतं. कुणी मनाई केली होती? कुणीच नाही. ते आपलं काम नाही, हे मीच ठरवून टाकलं होतं. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये क्लच शिकवला, आठ काढायला शिकवला. बोनेटचा खटका कुठे आहे, ते कुणी दाखवलं नाही आणि मीही विचारलं नाही.

गंमत अशी, की घरातली दुसरी बॅटरी मात्र वर्षानुवर्षं आपल्याच ताब्यात आहे. आठवतं ना, २००५ नंतरचं ते भारनियमन? अकोल्याच्या शेजारी पारसला वीज तयार व्हायची आणि आपल्या खेड्यापाड्यांत बारा-बारा तास अंधार असायचा. तेव्हा घरोघर इन्व्हर्टर आले. जिन्याखाली ती भली मोठी बॅटरी आली. तिच्यात पाणी कोण घालतं? आपणच. तिच्यावरची धूळ कोण पुसतं? आपणच. गाडीतली बॅटरी म्हणजे तिचीच धाकटी बहीण. मग थोरलीला हात लावणारी बाई धाकटीला का भिते?

त्यासाठी आधी तिच्या पोटात काय असतं ते समजून घेऊ. फार अवघड नाही. १८५९ साली फ्रान्समधल्या गॅस्तों प्लांते यांनी या जातीची पहिली बॅटरी केली आणि आजही मूळ तत्त्व तेच आहे. आत शिशाच्या पट्ट्या आणि त्या बुडतील इतकं पाणी घातलेलं गंधकाचं ॲसिड. गाडीच्या बॅटरीत अशी सहा घरं असतात. एकेका घरातून दोन व्होल्टपेक्षा थोडी जास्त वीज, म्हणून सहा घरांची मिळून बारा व्होल्टची बॅटरी. वीज वापरली, की ॲसिडातला गंधकाचा अंश पट्ट्यांवर जाऊन बसतो आणि खाली राहिलेलं पाणी फिकट होतं. चार्जिंग केलं, की तो पुन्हा पाण्यात उतरतो.

खरी मेख पुढे आहे. रिकामी झालेली बॅटरी लगेच भरली, तर पट्ट्यांवरचा तो पांढरा थर मऊ असतो, सहज विरघळतो. पण तशीच आठवडेच्या आठवडे पडू दिली, तर त्याचे खडे होतात. साखरेचा पाक वेळेवर हलवला नाही तर तळाशी कसे खडे धरतात, तसंच. ते खडे मग चार्जिंगनंही विरघळत नाहीत. म्हणजे उपाशी बॅटरी आणि मेलेली बॅटरी यांच्यात फरक बहुतेक वेळा फक्त दिवसांचा असतो. अठराव्या दिवशी माझी वाचली. अशीच रिकामी आणखी दोन महिने राहिली असती, तर त्या दुकानदाराचंच खरं झालं असतं.

गाडी नुसती उभी असली तरी तिची बॅटरी थोडी थोडी खाल्ली जाते. घड्याळ, चोर-अलार्म, आतला छोटा कॉम्प्युटर हे सगळे जागेच असतात. त्यात आपला वऱ्हाडातला उन्हाळा! मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या वर जाणं आपल्याला नवं नाही. बॅटरीला हिवाळा झेपत नाही असं आपण ऐकतो, कारण सकाळी गाडी कुरकुरते ती हिवाळ्यात. पण तिचं आयुष्य खरं खातो तो उन्हाळा. तापमान दहा अंशांनी वाढलं, की बॅटरीचं आयुष्य ढोबळमानानं निम्म्यावर येतं. म्हणून गाडी सावलीत लावणं ही चैन नाही.

आता, सकाळी गाडी "टक" म्हणाली तर काय करायचं? वैद्य आधी नाडी बघतो, तशी आपणही बघायची. पुढचे मोठे दिवे लावून किल्ली फिरवा. दिवे मंदावले आणि नुसती टक-टक झाली, तर बॅटरी रिकामी आहे. दिवे मंद न होता लख्ख राहिले आणि गाडी तरीही ढिम्म, तर दोष बहुधा जोडणीत किंवा स्टार्टरमध्ये आहे. मग बोनेट उघडा आणि बॅटरीची दोन टोकं बघा. त्यांवर पांढरा-हिरवट भुगा साचला असेल, वायरीची पकड हातानं हलत असेल, तर कित्येकदा रोग तेवढाच असतो.

पण हात घालण्याआधी दोन मिनिटं थांबा. ही गोष्ट पुरुषांना सांगावी लागत नाही, आपल्याला लागते. हातातल्या सोन्याच्या किंवा धातूच्या बांगड्या, अंगठ्या काढून ठेवा. लांब मंगळसूत्र कुडत्याच्या आत घाला, ओढणी मागे बांधा, केस वर बांधा. बॅटरीच्या दोन टोकांना एकाच वेळी धातू टेकला, तर क्षणात लालभडक तापतो आणि कातडी सोलून निघते. बारा व्होल्टचा धक्का बसत नाही, पण भाजतं मात्र जबरदस्त. डोळ्यांवर चष्मा आणि हातात रबरी मोजे असतील तर उत्तम.

वायर सोडवताना आधी काळी, म्हणजे वजा चिन्हाची. बसवताना काळी सगळ्यांत शेवटी. एवढं पाठ केलं तरी निम्मं काम झालं. झाकणं घट्ट आहेत ना ते बघून टोकांवर खाण्याच्या सोड्याचं कोमट पाणी लावा. फसफसेल. जुन्या दात घासायच्या ब्रशनं घासा, पुसून कोरडं करा, वायरी घट्ट बसवा आणि वरून व्हॅसलिनचं बोट फिरवा. आपण कुकरची शिट्टी साफ करतो त्याहून हे काम अवघड नाही.

बॅटरी रिकामीच असेल, तर दूधवाल्या दादांचा उपाय. त्या वायरींना जम्पर केबल म्हणतात. दुसरी गाडीही बारा व्होल्टचीच हवी. दोन्ही गाड्या जवळ, पण एकमेकींना न टेकलेल्या आणि बंद. लाल वायरीचं एक टोक आपल्या उपाशी बॅटरीच्या अधिक चिन्हाला, दुसरं टोक भरलेल्या बॅटरीच्या अधिक चिन्हाला. मग काळी वायर भरलेल्या बॅटरीच्या वजा चिन्हाला. आणि तिचं शेवटचं टोक आपल्या बॅटरीला न लावता, बॅटरीपासून दूर, आपल्या इंजिनाच्या उघड्या लोखंडाला. कारण शेवटची जोडणी करताना ठिणगी उडते आणि बॅटरीजवळ ठिणगी नको. मग पाहुणी गाडी चालू करून चार-पाच मिनिटं राहू द्या, नंतर आपली. काढताना उलट्या क्रमानं. आणि सगळ्यात आधी गाडीचं पुस्तक उघडून बघा, कारण काही गाड्यांत बॅटरी सीटखाली किंवा डिक्कीत असते. इलेक्ट्रिक गाडीच्या मोठ्या बॅटरीला मात्र कुणीच घरी हात लावायचा नाही.

एवढं करून गाडी चालू झाली, म्हणजे बॅटरीचं पोट भरलं असं नाही. तिला अर्धा-पाऊण तास रस्त्यावर फिरवा आणि त्याच दिवशी चार्जिंगला द्या. घरी चार्जर असेल तर सावकाश भरा. ३५ अँपिअर-अवरची बॅटरी असेल तर साडेतीन-चार अँपिअरनं दहा-बारा तास. भुकेल्या माणसाला एकदम पंगतीत बसवत नाहीत, आधी पेज देतात, तसं.

ठिणगीबद्दल मी एवढं का सांगते, त्यालाही कारण आहे. १९८७-८८ साली रविवारी सकाळी दूरदर्शनवर 'रामायण' लागायचं. आमच्या आजोळी, खेड्यात, नेमकी त्याच वेळी वीज जायची. मग ट्रॅक्टरची बॅटरी काढून ती छोट्या टीव्हीला जोडायची आणि सगळा वाडा समोर बसायचा. एका रविवारी बॅटरी धड चालेना, म्हणून आईच्या चुलतभावानं तिची झाकणं उघडली आणि आत पाणी किती आहे ते दिसावं म्हणून काडी ओढली. मोठा आवाज झाला. आम्ही मुलं ओसरीवर होतो म्हणून वाचलो. मामांचा डावा डोळा गेला.

चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, पण एका काडीनं तो पेटतो. मग मला सांगा, जिन्याखाली इन्व्हर्टरची बॅटरी आणि तिच्या डोक्यावरच्या कोनाड्यात देवघर, ही रचना आपल्याकडे किती घरांत आहे? संध्याकाळी दिवा लावताना कधी हा विचार केला? बॅटरीची जागा मोकळी, हवेशीर हवी. दिवा, उदबत्ती, गॅस तिच्यापासून लांब हवेत. बॅटरी फुगली असेल, फुटली असेल, सडक्या अंड्यासारखा वास येत असेल, तर घरचे सगळे प्रयोग बंद. तिथं जाणकारच हवा.

आता त्या फाटकावरच्या औषधांकडे येते. तुरटी, ॲस्पिरिन, एप्सम मीठ, नवं ॲसिड. यांनी मेलेली बॅटरी उठत नाही. असले क्षार घातले की पाण्याची घनता बदलते, आकडे दोन दिवस बरे दिसतात आणि घालणाऱ्याला वाटतं, जमलं. ॲस्पिरिनचं तर आत गेल्यावर व्हिनेगरमधलं आम्ल होतं आणि ते शिशाच्या पट्ट्याच खातं. ॲसिडही घालायचं नसतं, कारण बॅटरीतून उडून जातं ते पाणी, ॲसिड आतच राहतं. वरून आणखी ॲसिड घालणं म्हणजे आटलेल्या खारट आमटीत पुन्हा मीठ घालणं.

घालायचं ते पाणी, आणि तेही फक्त बॅटरीचं पाणी, म्हणजे डिस्टिल्ड वॉटर. इथे मी आपल्या भागातल्या बायकांना हात जोडून सांगते. आपण पूर्णेच्या खोऱ्यातली माणसं. अकोला, अमरावती, बुलडाणा या तिन्ही जिल्ह्यांतून आपला खारपाण पट्टा गेलेला आहे. आपल्या कूलरच्या जाळ्यांवर महिन्याभरात पांढरी खपली धरते, ती बघा एकदा. बोअरचं पाणी बॅटरीत घातलं, की तेच क्षार आतल्या पट्ट्यांवर बसतात. "गाळून घातलं", "उकळून घातलं" यानं क्षार जात नाहीत; उकळल्यानं उलट पाणी आटून ते वाढतात. बाटलीभर बॅटरीच्या पाण्यासाठी केलेली काटकसर पुढे काही हजारांना पडते. पाणी घालायचं ते पट्ट्या बुडतील आणि खुणेपर्यंत येईल इतकंच, शक्यतो चार्जिंग झाल्यावर. पट्ट्या उघड्या पडल्या असतील तर मात्र आधी त्या बुडतील इतकं घाला. ज्यांची बॅटरी बंद प्रकारची आहे, त्यांनी झाकण उचकटायचंच नाही.

आणि खरंच मेली असेल तर? आहे, तेही घरी ओळखता येतं. दोन-चारशे रुपयांत मल्टिमीटर मिळतो. रात्रभर उभी असलेल्या गाडीच्या भरलेल्या बॅटरीत १२.६ व्होल्टच्या आसपास दिसतं. बाराच्या खाली म्हणजे उपाशी. गाडी चालू असताना साधारण साडेतेरा ते साडेचौदा दिसलं, तर गाडी तिला नीट जेवू घालते आहे. आणि पूर्ण चार्ज करूनही आकडा साडेदहाच्या पुढे सरकत नसेल, तर सहातलं एक घर गेलं. तिथं नवसही उपयोगाचा नाही. तीन-पाच वर्षं चाकरी केलेल्या बॅटरीला मग शांतपणे निरोप द्यावा.

निरोप कसा द्यायचा, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. बॅटरीच्या निम्म्याहून जास्त वजन शिशाचं असतं आणि त्या शिशाला भंगारात पैसा येतो. म्हणून कुणी परसात बॅटरी फोडतं, ॲसिड नालीत ओततं, चुलीवर शिसं वितळवतं. सेनेगल देशात डकार शहराजवळ तियारॉय-सुर-मेर नावाची वस्ती आहे. तिथली गरीब कुटुंबं जुन्या बॅटऱ्यांचं शिसं मिसळलेली माती चाळून शिसं वेचायची. ती माती घरात यायची, अंगणात पडायची. नोव्हेंबर २००७ ते मार्च २००८ या काळात तिथं १८ लहान मुलं दगावली. आया शिकलेल्या नव्हत्या असं म्हणून हात झटकू नका. माती विषारी आहे हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

हे दूरचं नाही. युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थांच्या २०२० च्या अहवालानुसार जगातल्या दर तीन मुलांपैकी एकाच्या रक्तात शिशाचं प्रमाण चिंता करण्याइतकं आहे, आणि त्यामागच्या मोठ्या कारणांत जुन्या बॅटऱ्या वाटेल तशा फोडणं हेही आहे. शिसं मुलांच्या मेंदूवर घाला घालतं. त्याचं सुरक्षित असं कुठलंच प्रमाण नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. बाईच्या हाडांत साठलेलं शिसं गरोदरपणात पुन्हा रक्तात उतरतं आणि बाळापर्यंत जातं. घरातलं कुणी बॅटरीच्या किंवा भंगाराच्या कामावर असेल, तर त्याचे कपडे वेगळे धुवा आणि त्यानं हातपाय धुतल्याशिवाय लेकरू उचलू नये, हा नियमच करा.

आपल्या देशात बॅटऱ्यांसाठी २००१ साली नियम आले आणि २०२२ साली ते नव्यानं, आणखी कडक झाले. जुनी बॅटरी परत गोळा करून तिची नीट विल्हेवाट लावण्याची जबाबदारी आता ती बनवणाऱ्या कंपनीवर आहे. आपल्यावरही एक जबाबदारी आहे : ती घरच्या कचऱ्यात न टाकता योग्य ठिकाणी देणं. नवी घेताना जुनी दुकानात जमा करा, तिचे पैसे बिलात वजा करून घ्या आणि पावती मागा. फाटकावर येणाऱ्या अनोळखी माणसानं पन्नास रुपये जास्त दिले, तरी देऊ नका. ते पन्नास रुपये कुण्या लेकराच्या डोक्यातून वजा होतात.

माझं म्हणणं एवढंच आहे. आपण महिला मंडळात मेंदीचे वर्ग घेतो, केकचे घेतो. एक दुपार बोनेटचीही होऊ द्या. गावातल्या आयटीआयच्या एखाद्या शिक्षकांना बोलवा, नाहीतर आपल्या नेहमीच्या बॅटरीवाल्या दादांना. चहा-पोहे करू, अंगणात एक गाडी उभी करू आणि प्रत्येकीनं स्वतःच्या हातानं वायर काढून बसवायची. नुसतं बघून चालणार नाही. ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांनाही विचारा : दोन तास जास्त घ्या, पण बोनेट उघडून दाखवल्याशिवाय आमच्या मुलींना पास करू नका. आणि संक्रांतीच्या वाणाला तेच ते प्लास्टिकचे डबे लुटण्यापेक्षा एकेक बाटली बॅटरीचं पाणी लुटलं तर? हसू नका. डबे पडून राहतात, ही बाटली कामाला येईल.

"साहेब कधी येणार?" या प्रश्नावर मला राग आला नव्हता, मला लाज वाटली होती. कारण त्या पहाटे त्याचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं. आई तिकडे कण्हत होती आणि मी माझ्याच गाडीजवळ पाहुण्यासारखी उभी होते.

आता जम्पर केबल माझ्या डिक्कीत असते. दर रविवारी सकाळी गाडी वलगाव रोडनं अर्धा तास फिरवून आणते, मग इन्व्हर्टरचं पाणी बघते. आणि रविवारी अकोल्याहून आईचा फोन आला, की तब्येतीचं सांगून झाल्यावर ती न चुकता विचारते, "गाडीले जेवू घातलं का व?"